कमलम्मांचा विझलेला दिवा

खरं सांगायचं तर महेश्वरीनं मान हलवलीच नव्हती. कुकरची शिट्टी झाली, ती दचकली, आणि दचकताना तिची मान वरून खाली आली, एवढंच. पण नेमकं त्याच क्षणी तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे सिद्धलिंगप्पांनी, माळ्यावरून काढलेला एक काळाकुट्ट दिवा तिच्यापुढं धरून विचारलं होतं, "हे पेटंल का गं पुन्हा? तू केमिस्ट्रीवाली हायस की." आणि मान खाली येताना घरातल्या सगळ्यांनी पाहिली.

आता ही मुलगी कुर्डुवाडीची. वडील रेल्वेत, क्वार्टर रुळाला लागून. इंजिनांच्या भोंग्यात लहानाची मोठी झालेल्या पोरीनं कुकरला दचकू नये, असं कुणालाही वाटेल. महेश्वरीचं म्हणणं असं की गाडीला वेळापत्रक असतं (निदान छापलेलं तरी असतं), कुकरला नसतं. ती सव्वीस वर्षांची, आणि लग्न होऊन आठ महिने झाले होते. तेवढ्यात ती सोलापूरच्या त्या मंगळवार पेठेतल्या घरात दाराच्या बेलला, मिक्सरला, वरच्या मजल्यावर सरकणाऱ्या खुर्चीला आणि दोनदा नवऱ्याच्या शिंकेला दचकली होती. या दचकण्यांत तीन कपबशा आणि शेंगाचटणीची एक बरणी गेली. बरणीचं सासूबाईंनी, सावित्रम्मांनी, काही मनावर घेतलं नाही. चटणीचं घेतलं.

दिवा साधा असता तर तिनं सांगून टाकलं असतं की मान चुकून हलली. पण त्या दिव्यात एका बाईची अब्रू अडकली होती.

सिद्धलिंगप्पांची थोरली बहीण कमलम्मा एकोणीसशे सहासष्ट साली अक्कलकोटला दिली. तेव्हा तिकडं विजेचे खांब आले होते, वीज मागून येणार होती. कमलम्मांचे वडील हौशी. त्यांनी मुंबईहून स्पिरिटवर जळणारा दिवा मागवून लेकीबरोबर पाठवला. रॉकेलचा वास नाही, काजळी नाही, ज्योतीच्या जागी जाळीचं मेंटल, आणि उजेड असा पांढरा की वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले. गृहप्रवेशाला दिवा दारातल्या आकड्याला टांगला. नवरीनं माप ओलांडलं, पाऊल आत टाकलं, आणि दिवा गेला.

झालं. नव्या सुनेचा पाय पडला आणि दिवा विझला, हे त्या घराच्या इतिहासात कायमचं नोंदलं गेलं. त्या साली ज्वारी करपली, म्हैस आटली आणि कमलम्मांचे धाकटे दीर शरणबसव मॅट्रिकला नापास झाले. ते पुढच्या वर्षीही झाले, त्याच्या पुढच्याही, पण तिन्ही वेळा पाय तोच होता. काळ गेला, सासू गेली, नवरा गेला. शरणबसव मात्र पंचाहत्तरीतही खणखणीत, आणि कुठलंही लग्न-बारसं असो, जेवणं झाली की सुपारी कातरत हा किस्सा सांगायचेच. कमलम्मा पंगतीत बसून ऐकायच्या. दिवा तर दुसऱ्याच दिवशी माहेरी परत आला होता. कमलम्मांना परत यायची सोय नव्हती.

आणि आता त्यांनी फोनवर भावाला सांगितलं होतं की यंदा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येते, शरणबसवलाही आणते, तेवढा दिवा लावून ठेव. "त्याच्या डोळ्यांदेखत मी त्या दिव्याखालनं आत येणार हाय, सिद्धू. मेलेल्यांचं जाऊ दे. जित्याचं तोंड बंद करते आणि मग सुखानं जाते."

हे सगळं ऐकल्यावर महेश्वरीला त्या रात्री झोप लागली नाही. शेजारी नवरा, गुरुशांत, स्वस्थ पडला होता. गुरु चाटी गल्लीतल्या घरच्या दुकानात चादरी-टॉवेल विकायचा, आणि जगातली कुठलीही अडचण मीटरवर मोजून कापता येते असा त्याचा विश्वास होता. तिनं त्याला विचारलं की हे मला जमेल का. तो म्हणाला, "मान तर हलवलीस की." आणि कूस बदलली.

कामाला तीन आठवडे होते. पितळ चिंच-मिठात घालून घासल्यावर खालून सोन्यासारखं निघालं. बनवणाऱ्याचं नाव झिजून गेलं होतं, नुसतं 'मेड इन' राहिलं होतं. स्पिरिटची वाफ ज्या भोकातून वर येते ते केसाएवढं भोक गच्च बुजलं होतं. सावित्रम्मांनी कुठल्याशा डब्यातून जुन्या स्टोची पिन काढून दिली (त्या घरात कुठलीच वस्तू टाकली जात नाही, फक्त दिसेनाशी होते), आणि दोन दिवसांत भोक मोकळं झालं.

अडलं ते वातीवर. टाकीतलं स्पिरिट वर ओढायला आत सुती धाग्याची वात लागते, आणि धागा शुद्ध कापसाचा हवा. सोलापुरात राहून सुतासाठी अडावं ही लाजिरवाणी गोष्ट होती. गुरुनं दुकानातून धागा आणला. महेश्वरीनं शिकल्याप्रमाणं टोकाला काडी लावून पाहिली. कापूस असता तर राख झाली असती, याचा वितळून काळा मणी झाला. गुरु म्हणाला, हा रीळ चुकून आला असेल. तिनं दुसरा पाहिला, मग तिसरा, मग शंभर टक्के सुती म्हणून विकायला ठेवलेल्या तीन टॉवेलांचे कोपरे पाहिले. मण्यांची छान माळ झाली असती. गुरुनं टॉवेलांचे कोपरे आत घालून पुन्हा घड्या घातल्या. शेवटी शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकऱ्यानं घरच्या मागावरचं सूत दिलं आणि वात झाली. पण त्या दिवसापासून बायकोनं काडेपेटी घेऊन दुकानात पाऊल ठेवायचं नाही, असं गुरुनं सांगून टाकलं.

स्पिरिट पॉलिशचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळालं. बाटली कागदात गुंडाळून ती घरी आणताना महेश्वरीला वाटलं की अख्खी पेठ आपल्याकडं बघते आहे. (दोन म्हशी बघत होत्या.) घर गळ्यात लिंग बांधणाऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या थेंबाला कुणी शिवलेलं नाही. सावित्रम्मांनी बाटलीकडं बघून हळूच विचारलं की दारूच ना ही.

महेश्वरीचा शिकलेला प्रामाणिकपणा आडवा आला. "तशी तीच, आई. पण विष घातलेलं असतं. पिता येत नाही."

"म्हणजे पाप बी आणि उपेग बी न्हाय," सावित्रम्मा म्हणाल्या, आणि बाटली गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली ठेवायला लावली.

वास मात्र जिन्यानं खाली आलाच. शेजारच्या नीलम्मा केळी घेऊन आल्या आणि घरात इंजेक्शनं कुणाला चालू आहेत अशी चौकशी करून बसल्या. सिद्धलिंगप्पा त्या वेळी खुर्चीत डोळे मिटून पडले होते. नीलम्मांनी त्यांच्याकडं बघून सुस्कारा सोडला आणि केळी ठेवून गेल्या.

पहिल्या दिवशी दिवा पेटेचना. गच्चीवर, भर दुपारी, महेश्वरीनं दिवा तापवायच्या वाटीत स्पिरिट ओतून काडी लावली. काही दिसलं नाही. दुसरी लावली. तरीही नाही. मग बघावं म्हणून तिनं वर हात धरला. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, हे तिनं बी.एस्सी.ला दोन मार्कांसाठी लिहिलं होतं, आणि दोन्ही मिळाले होते. मनगटावरचे केस गेले, बाकी हात शाबूत राहिला.

राहता राहिलं मेंटल. वरातीला गॅसबत्त्या भाड्यानं देणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात (आता सगळा माल एलईडीचा) फळीच्या मागून दोनच निघाली. मेंटल ही मोठी नाजूक जात. ते आधी रिकामं जाळून घ्यायचं असतं. कापड जळून जातं, मागं राखेची जाळी उभी राहते, आणि पुढं उजेड देते ती ही राखच. हात लागला की संपली. महेश्वरीनं पहिलं मेंटल जाळलं, दिवा लावला, आणि तो लागला. भर दुपारीही जिन्यातल्या भिंतीवर तिची सावली पडली. तिनं लगेच विझवला, कारण इतकं चांगलं चाललेलं बघायची तिला सवय नव्हती. मग दिवा खाली खोलीत ठेवून तिनं घरातल्या प्रत्येकाला बजावलं, की काच अजून बसवायची आहे, आत राख आहे, कुणी हात लावू नका. सगळ्यांनी कबूल केलं. सिद्धलिंगप्पांनीही केलं.

पण त्या घरात कुठलीही वस्तू विभूती लावल्याशिवाय वापरायची नाही असा नेम. स्कूटर, फ्रिज, गुरुचा लॅपटॉप, सगळ्यांच्या कपाळी तीन बोटं ओढलेली. आणि विभूती लावणं म्हणजे हात लावणं, असं सिद्धलिंगप्पांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून ते ओल्या अंगानं दिव्यापुढं उभे राहिले, डोळे मिटले, दिव्याचं कपाळ कुठलं ते अंदाजानं ठरवलं आणि तीन बोटं ओढली.

डोळे उघडले तेव्हा बोटांवर नेली होती त्यापेक्षा जास्त विभूती परत आली होती. ती वाया का घालवायची म्हणून त्यांनी आपल्या कपाळाला लावली.

महेश्वरी चहा घेऊन आली आणि आधी दिव्याकडं, मग सासऱ्यांच्या कपाळाकडं बघत राहिली. पहिला धक्का मेंटल गेल्याचा. दुसरा जरा उशिरा आला. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असतं, आणि ते किंचित किरणोत्सर्गी असतं. फारच किंचित, पण अप्पांच्या कपाळावर होतं.

"अप्पा, ते जरा पुसून घ्या ना."

"काय पुसू?"

"कपाळावरचं."

सिद्धलिंगप्पांनी कप खाली ठेवला. "विभूती पुसू? या घरातली सून मला सांगती, विभूती पूस म्हणून?"

"ती विभूती नाही, अप्पा. ती मेंटलची राख आहे."

"राखच असती की विभूती. ही तर दिव्यातली हाय, जास्तच चांगली."

या मुद्द्यावर तिच्या विद्यापीठानं तिला काही शिकवलं नव्हतं. तिनं दुपारपर्यंत तीन वेळा 'उकडतंय ना, तोंड धुता का' असं सुचवून पाहिलं (जानेवारी महिना होता). शेवटी संध्याकाळी पूजेच्या आधी त्यांनी आपणहून आंघोळ केली तेव्हा तिचा जीव खाली पडला.

आता एकच मेंटल राहिलं. दुकानदार म्हातारा म्हणाला की आता मिळणार नाही, जपा. महेश्वरीनं जपलं. ते कोरंच पुडीत ठेवलं, आणि पाहुणे यायच्या दिवशी, संध्याकाळी, सिद्धलिंगप्पांची विभूती काचेला आणि टाकीला आधीच लावून घेऊन, मगच जाळलं.

एक गोष्ट फक्त तिनं आपल्या स्वभावाला धरून केली. टाकीत स्पिरिट भरताना तिच्या मनात आलं, भडका उडाला तर? टाकी अर्धा लिटरची होती. तिनं एक कप ओतलं, थोडा विचार करून त्यातलं चार चमचे परत काढलं. हिशोब सोपा होता. कमलम्मा येणार, उंबरा ओलांडणार, पाच मिनिटांचं काम. एवढ्या स्पिरिटवर दिवा अर्धा तास सहज चालेल. पाच मिनिटांसाठी अर्धा तास, आणखी सावधगिरी ती काय असते.

अंधार पडायच्या सुमाराला रिक्षा आली. दिवा दारातल्या आकड्याला टांगलेला, पांढराशुभ्र, बारीक सूं सूं करत जळतोय. घरातले सगळे दिवे बंद. आधी शरणबसव उतरून आत गेले आणि बरोब्बर समोर, जिथून दिवा आणि पाय दोन्ही दिसतील अशी खुर्ची पाहून बसले. कमलम्मांचा हात धरायला महेश्वरी बाहेर गेली.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, रिक्षावाल्याशी तावातावानं भांडून आलेली, उंबऱ्याशी आल्यावर थांबली. तिची नजर उंबऱ्यावरून हलेना, आणि बोटं महेश्वरीच्या हातात रुतली. आपल्यापेक्षा जास्त घाबरलेलं माणूस तिनं त्या घरात पहिल्यांदाच पाहिलं.

"जळतोय न्हवं?" कमलम्मांनी खाली बघतच विचारलं.

"जळतोय, आत्या. मी बघतेय."

"बघत ऱ्हा." आणि त्यांनी पाऊल टाकलं.

दिवा जळत राहिला. शरणबसवांनी दिव्याकडं पाहिलं, पायाकडं पाहिलं, पुन्हा दिव्याकडं पाहिलं.

"ह्ये काय खरं न्हाय," ते शेवटी म्हणाले. "तवा माप हुतं."

सावित्रम्मांनी माप भरून आणलं. कमलम्मा बाहेर गेल्या, माप ओलांडून आत आल्या. दिवा जळत होता. मग शरणबसवांना आठवलं की तेव्हा डोक्यावर पदर होता. पदर घेऊन आल्या. मग तेव्हा पाय कुठला होता यावर थोडी चर्चा झाली आणि दोन्ही पायांनी एकेकदा येणं झालं. तिसऱ्या वेळेपासून कमलम्मांना कुणी सांगावंच लागलं नाही. त्या आपल्या आपण बाहेर जात आणि आत येत. पुण्याच्या लेकीला व्हिडिओ कॉल लावला, तिच्यासाठी एकदा. नीलम्मा आवाज ऐकून आल्या, त्यांच्यासाठी एकदा. एकदा तर त्या बरोबर दिव्याखाली, उंबऱ्यावरच थांबल्या आणि एकोणीस वर्षांच्या नवरीनं आवरावा तसा सावकाश पदर आवरला. एकोणसाठ वर्षांचं येणं त्या एका संध्याकाळी येऊन घेत होत्या.

अखेर शरणबसवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वैनी, दिव्याचीच खोड हुती. चुकलं माझं."

"आणि मॅट्रिक?"

शरणबसवांनी टोपीवरची धूळ झटकली. "त्ये बी माझंच."

कमलम्मा खाली बसल्या आणि म्हणाल्या, चहा टाका. घरात एकदम बोलणं सुरू झालं. गुरु हसत होता, सिद्धलिंगप्पा डोळे पुसत होते, आणि पडले असते तर सगळे महेश्वरीच्या गळ्यात पडले असते, पण महेश्वरी आत नव्हती. ती बाहेर, पायरीवर, घड्याळाकडं बघत उभी होती.

सत्तावीस मिनिटं झाली होती. दिव्याची सूं सूं बारीक झाली होती. पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. दिवा आता आपला आपण जाणार, हेही ठाऊक होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला पुढचं संकट आधी, स्पष्ट आणि वेळेसकट दिसलं होतं. उपाय सोपा होता. दिवा जाईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. तीन मिनिटांचा प्रश्न.

आतून सावित्रम्मांनी हाक मारली. ती म्हणाली, आलेच. मग काहीतरी करताना दिसावं म्हणून चपला लावायला घेतल्या. जोड्या लावून झाल्या. मापानं लावून झाल्या. गुरु डोकावून म्हणाला की चपला काय दुकानात मांडायच्यात का. तरी दिवा गेला नाही.

तेवढ्यात कमलम्मा स्वतः उठून दारात आल्या. "हे काय गं? जिनं दिवा पेटवला ती बाहेर, आणि आमी आत? ये की."

"आत्या, दोन मिनिटं."

"कशाला दोन मिनिटं? ये. लाज कसली." आणि त्यांनी आनंदानं, पंचवीस वर्षांनी लहान झालेल्या हातानं, तिचं मनगट धरून ओढलं.

मोठ्या माणसानं धरलेला हात सोडवून घ्यायचं महेश्वरीच्या माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. तिनं पाऊल आत टाकलं. उजवंच टाकलं.

दिव्यातून 'पप्प' असा आवाज आला आणि सगळीकडं काळोख झाला. आवाजाला महेश्वरी दचकली, हातभर उडाली आणि खाली येताना माप उलटं झालं. तांदूळ पसरल्याचा आवाज पार मोरीपर्यंत गेला.

कुणीतरी ट्यूब लावली. सगळे तिच्या पायाकडं बघत होते. शरणबसवांनी मांडीवरची टोपी उचलून पुन्हा डोक्यावर घातली. सुटलेली नोकरी त्याच दिवशी परत मिळालेल्या माणसाचं समाधान त्यांच्या तोंडावर पसरलं होतं.

महेश्वरीनं समजावून सांगितलं. एक कप वजा चार चमचे, एवढ्या स्पिरिटला अर्धा तास, पाऊल पडलं तेव्हा बरोबर तिसावं मिनिट, पायाचा आणि वाफेचा काही संबंध नाही. तिनं आकड्यावरचा दिवा काढून रिकामी टाकी हलवून दाखवली. सगळ्यांनी ती शांतपणे ऐकली. मग तिनं आशेनं कमलम्मांकडं पाहिलं. या घरात दुसरं कुणी नाही तरी त्या नक्की मानतील.

कमलम्मांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "संपलं असंल बाई," त्या म्हणाल्या, ज्या सुरात त्यांना लोक एकोणसाठ वर्षं 'असंल बाई' म्हणत आले होते अगदी त्या सुरात. "पाय तेवढा जपून टाकत जा."

जेवणं झाल्यावर शरणबसवांनी सुपारी कातरायला घेतली, आणि नीलम्मांना सुरुवातीपासून सांगायला लागले. महेश्वरी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. गुरु तिच्याजवळ येऊन उभा राहिला. काहीतरी धीर द्यावा असं त्याला मनापासून वाटत होतं.

"एवढं लावून घेऊ नको," तो म्हणाला. "आत्यांचं एकोणसाठ वर्षांनी का होईना, मिटलंच की शेवटी. तू पंच्याऐंशीची होशील फक्त."